दुभाष्याचा पेशा आणि कैरोची भाषाशाळा

आमच्या शाळेतील मुलांच्या दप्तरात चार भाषा असतात. घरी उर्दू किंवा कोकणी, शाळेत मराठी, सकाळी मदरशात अरबीचे वाचन आणि शिवाय इंग्रजी. गेल्या जूनमध्ये आठवीच्या प्रवेशाच्या वेळी एका पालकांनी मला सरळच विचारले, "सर, गणित-विज्ञानाचे आम्हाला समजते. पण या एवढ्या भाषा शिकून पोराने पुढे करायचे काय? त्याने पोट भरते का?" त्या वेळी मी काहीतरी गुळमुळीत उत्तर देऊन वेळ मारून नेली. मात्र प्रश्न मनातून गेला नाही. इतिहासाचा शिक्षक असल्यामुळे उत्तर शोधायला मी इतिहासाकडेच वळलो.

वास्तविक दोन भाषांच्या मध्ये उभे राहून पोट भरण्याचा धंदा आपल्याकडे नवा नाही. पारसनीस हे आडनाव फारसी-नवीस, म्हणजे फारसी पत्रव्यवहार लिहिणारा, यावरून आले. दुभाषी हे आडनावही याच पेशाची खूण आहे. परंतु ही विद्या बहुधा घरच्या घरी, वडीलधाऱ्यांच्या हाताखाली येत असे. तिच्यासाठी सरकारी खर्चाने शाळा काढायची, मुले निवडायची, पाच-पाच वर्षे शिकवायचे आणि मग त्यांना नोकऱ्या द्यायच्या, असा प्रयोग गेल्याच्या मागील शतकात मिसर देशात झाला. तो करणारे गृहस्थ होते अल् अझहरचे एक मौलवी, रिफाआ राफी तहतावी.

रिफाआंचा जन्म १८०१ साली वरच्या मिसरमधील तहता या गावी झाला. घराणे सय्यदांचे, एके काळी बऱ्या स्थितीतले. सारावसुलीचा मक्ता घरात होता. मिसरचा सुभेदार महंमद अली पाशा याने नवी महसूलव्यवस्था आणली, तेव्हा मक्ते गेले आणि या घरातही तंगी आली. १८१७ मध्ये हा मुलगा कैरोला अल् अझहरमध्ये दाखल झाला. तिथे त्याला शेख हसन अल् अत्तार हे उस्ताद लाभले. नेपोलियनची फौज मिसरमध्ये होती तेव्हा तिच्याबरोबर आलेल्या फ्रेंच विद्वानांत अत्तारांची ऊठबस होती. परक्यांकडे काही शिकण्यासारखे आहे हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. अशा उस्तादाचा शिष्य होणे ही रिफाआंच्या आयुष्यातील पहिली मोठी गोष्ट होय.

महंमद अली पाशाला विद्येची हौस होती असे समजण्याचे कारण नाही. त्याला युरोपीय धर्तीची फौज हवी होती. फौजेसाठी तोफखाना, त्यासाठी गणित, जखमींसाठी डॉक्टर, आणि या सगळ्यासाठी फ्रेंच पुस्तके हवी होती. म्हणून १८२६ साली त्याने चाळीसहून अधिक तरुणांची एक तुकडी पॅरिसला पाठविली. त्यांत बहुतेक तुर्की बोलणाऱ्या बड्या घरांतील मुले होती. नमाज आणि दीनी बाबी सांभाळण्यासाठी त्यांच्याबरोबर इमाम म्हणून एका मौलवीला धाडायचे ठरले. अत्तारांनी रिफाआंचे नाव सुचविले आणि जे पाहशील ते लिहून ठेव, अशी सूचनाही दिली.

म्हणजे विद्यार्थी वेगळे होते आणि हे फक्त त्यांचे इमाम होते. शिकण्याची सक्ती त्यांच्यावर नव्हती. पण मार्सेलिसला जहाज लागले, क्वारंटाईनमध्ये दिवस काढावे लागले, आणि तिथेच त्यांनी फ्रेंच मुळाक्षरे गिरवायला घेतली. वय पंचविशीचे होते. पुढे पॅरिसमध्ये स्वतःच्या तनख्यातून पैसे काढून त्यांनी पुस्तके घेतली, खाजगी शिक्षक ठेवला. रात्री-अपरात्री वाचून डाव्या डोळ्याला इजा झाली. रात्री वाचू नका असे डॉक्टरांनी बजावले, ते त्यांनी मानले नाही. (विद्यार्थ्यांनी यातील जिद्द घ्यावी, डोळ्यांचे अनुकरण करू नये.)

१८३० च्या ऑक्टोबरात त्यांची परीक्षा झाली. लहानमोठे बारा अनुवाद त्यांनी परीक्षकांपुढे ठेवले. कैरोजवळच्या बुलाक येथील छापखान्यातील पुस्तके पुढे ठेवून तिथल्या तिथे त्यांच्याकडून अनुवाद करून घेण्यात आला. काही ठिकाणी शब्दाला शब्द बसलेला नाही, तरी मूळ अर्थ बिघडलेला नाही, असा परीक्षकांचा अभिप्राय पडला. भाषांतराच्या परीक्षेत याहून चांगला शेरा कोणता असतो, हे मला माहीत नाही.

उस्तादांच्या सांगण्याप्रमाणे त्यांनी सफरनामा लिहिला. त्याचे छोटे नाव 'तख्लीसुल इब्रीज'. तो १८३४ मध्ये बुलाकला छापला गेला. पॅरिसचे रस्ते, वर्तमानपत्रे, दवाखाने, खानावळी, १८३० ची राज्यक्रांती, सगळे त्यात आहे. फ्रान्सच्या राजाचे अधिकार बांधून टाकणारी सनद त्यांनी कलमवार अरबीत आणली. फ्रेंचांच्या उद्योगीपणाची आणि स्वच्छतेची तारीफ केली, त्यांच्या कंजूषपणावर आणि धर्माबाबतच्या बेफिकिरीवर टीकाही केली. नुसते भारावून जाणारे आणि नुसते नाक मुरडणारे प्रवासी पुष्कळ असतात. दोन्ही पारडी हातात धरून बसलेला प्रवासी क्वचित भेटतो.

भाषेची अडचण त्यांना पावलोपावली आली. नाटकगृहाला अरबीत शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी फ्रेंच शब्दच अरबी लिपीत लिहिला आणि आपल्याकडे याला नाव नाही असे मोकळेपणाने सांगितले. मात्र सनदेतील 'स्वातंत्र्य' या कल्पनेपाशी आल्यावर त्यांनी वेगळी वाट धरली. हे लोक ज्याला स्वातंत्र्य म्हणतात, त्याला आपण अदल आणि इन्साफ म्हणतो, असे त्यांनी वाचकांना समजावले. हा अर्थ तंतोतंत जुळतो असे नाही. परंतु परकी कल्पना घरच्या उंबऱ्यातून आत आणायची तर तिला घरातल्यांच्या ओळखीचे नाव द्यावे लागते. सिल्व्हेस्त्र द सासी या अरबीच्या थोर फ्रेंच पंडिताने हस्तलिखित वाचून वाखाणले, आणि पॅरिसवरून तुम्ही साऱ्या फ्रेंचांबद्दल मत बनवता, अशी चूकही दाखविली. रिफाआंनी त्याचा अभिप्राय पुस्तकातच छापून टाकला. संवाद म्हणजे काय ते इथे दिसते.

१८३१ मध्ये परत आल्यावर त्यांना अबू झाबल येथील वैद्यकीय शाळेत भाषांतरकार म्हणून नेमले गेले. ही शाळा फ्रेंच डॉक्टर क्लो याने १८२७ मध्ये सुरू केली होती. तिथला वर्ग कसा चाले हे शिक्षकाने लक्षात घेण्यासारखे आहे. फ्रेंच डॉक्टर व्याख्यान देई, दुभाषी ते अरबीत सांगे, विद्यार्थी लिहून घेत. दुभाष्यांपैकी अनेकांना वैद्यक ठाऊक नसे. पुस्तके छापायची तर भाषांतरावर अल् अझहरचे शेख अरबी शुद्ध करीत बसत. त्यांना फ्रेंच येत नसे. एका धड्यामागे तीन माणसे, आणि तिघांपैकी कोणालाच सगळे ठाऊक नाही! भाषांतरकाराला दोन्ही भाषा तर याव्यातच, पण ज्या विषयाचे पुस्तक आहे तो विषयही यावा, हे मत रिफाआंनी सफरनाम्यातच मांडले होते. ते किती खरे आहे याचा अनुभव त्यांना इथे रोजच आला असणार.

यातूनच १८३५ साली कैरोच्या अझबकिया भागात, अल्फी बेच्या जुन्या वाड्यात, भाषाशाळा निघाली. तिचे नाव मदरसतुल अल्सुन. लिसान म्हणजे जीभ, भाषा. अल्सुन हे त्याचे अनेकवचन. सुरुवातीला पन्नासच्या आसपास मुले होती, पुढे संख्या दीडशेवर गेली. पाच वर्षांचा अभ्यासक्रम. अरबी, फ्रेंच आणि तुर्की या मुख्य भाषा, त्यांच्या जोडीला इतिहास, भूगोल, गणित, शरियतचा कायदा आणि युरोपचा कायदा. अरबी पक्की करण्यासाठी अल् अझहरचे शेख आणि फ्रेंचसाठी युरोपीय शिक्षक. विद्यार्थी खरीखुरी पुस्तके भाषांतराला घेत आणि रिफाआ ती तपासून छापखान्याकडे पाठवीत. त्यांच्या सालेह मजदी या शिष्याने लिहून ठेवले आहे की, उस्ताद घड्याळाकडे पाहत नसत. कधी इशाच्या नमाजानंतर, कधी पहाटेच्या आधी वर्ग घेत आणि तीन-तीन, चार-चार तास उभ्याने शिकवीत. तासाची घंटा झाली की खडू खाली ठेवणाऱ्या आम्हा मंडळींना हे वाचून जरा ओशाळल्यासारखे होते.

१८४१ मध्ये शाळेला भाषांतराचे खाते जोडण्यात आले. गणित, वैद्यक व शास्त्रे, इतिहास-वाङ्मय आणि तुर्की असे त्याचे चार विभाग होते. म्हणजे शिकून बाहेर पडणाऱ्याला नोकरी समोरच होती. याच शाळेच्या महंमद उस्मान जलालने ला फोंतेनच्या नीतिकथा आणि मोलियरची नाटके मिसरी वळणात आणली. महंमद कद्री पाशा मोठा कायदेपंडित झाला. १८४२ पासून रिफाआंनी सरकारी वर्तमानपत्राचे संपादनही केले. ते तुर्की आणि अरबी अशा दोन भाषांत निघे. इकडे मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढले तेही दोन भाषांत, एका रकान्यात इंग्रजी आणि दुसऱ्यात मराठी. दोघांना एकमेकांचा पत्ता असण्याचा संभव नाही. काळाची गरजच तशी होती.

आता कटू भाग. ज्या पाशाने शाळा काढली त्याचा नातू पहिला अब्बास १८४८ अखेर सत्तेवर आला. आजोबांच्या शाळांत त्याला रस नव्हता. थोड्याच काळात भाषाशाळा बंद झाली. १८५० मध्ये रिफाआंची रवानगी सुदानात खार्टूमला झाली, प्राथमिक शाळा चालविण्यासाठी! बढतीच्या कागदात गुंडाळलेली हद्दपारी सरकारी नोकरांना परकी नाही. खार्टूमचे हवामान जीवघेणे. पॅरिसला शिकून आलेला गणितज्ञ महंमद बय्यूमी तिथेच वारला. रिफाआ तगले. त्या चार वर्षांत त्यांनी फेनेलॉन या फ्रेंच लेखकाची 'तेलेमाक' ही कथा अरबीत आणली. राजपुत्राला न्यायाने राज्य करायला शिकविणारी आणि जुलमी राजांना दोष देणारी ही कथा त्यांनी नेमकी तेव्हाच का निवडली, हे वाचकांनीच ओळखावे. ती १८६७ मध्ये बैरूतला छापली गेली.

इकडे कैरोत अल्फी बेच्या वाड्याच्या जागी शेफर्ड्स हॉटेल उभे राहिले. १८३० साली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुवेझला गेली, तेव्हापासून विलायत-मुंबई प्रवासाचा हा मार्ग वाहता झाला होता. अलेक्झांड्रियाला उतरलेले गोरे साहेब कैरोत मुक्काम करून सुवेझला जात आणि तिथून मुंबईची बोट धरीत. मुंबईकडे निघालेल्या या प्रवाशांची सोय झाली, आणि जिथे मिसरी मुले परक्यांची भाषा शिकत होती तिथे परक्यांची न्याहारी वाढली जाऊ लागली.

१८५४ मध्ये अब्बास मारला गेल्यावर रिफाआ परतले. १८६३ नंतर खेदिव इस्माईलच्या काळात भाषांतराचे खाते पुन्हा उघडले आणि जुन्या शिष्यांना हाताशी धरून त्यांनी फ्रेंच कायदेसंहिता अरबीत आणली. १८७० पासून शालेय विषयांच्या 'रौजतुल मदारिस' या नियतकालिकाची धुरा वाहिली. मुलगे व मुली दोघांच्या शिक्षणासाठी त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८७२ चा. २७ मे १८७३ रोजी ते वारले, त्याच वर्षी कैरोत मुलींची सरकारी शाळा निघाली. भाषाशाळा मात्र १९५१ साली पुन्हा उभी राहिली आणि १९७३ मध्ये ऐन शम्स विद्यापीठाची शाखा झाली. योगायोग असा की, त्याच वर्षीच्या डिसेंबरात अरबी ही संयुक्त राष्ट्रसंघाची अधिकृत भाषा ठरली.

तेव्हा भाषेवर पोट भरते का? भरते, पण नुसत्या भाषेवर फार काळ नाही, आणि एकाच धन्याच्या मर्जीवर तर मुळीच नाही. आज मार्ग पूर्वीपेक्षा अधिक आहेत. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषांचे विद्यापीठ, आपल्याकडे मुंबई विद्यापीठाचे अरबी व फारसीचे विभाग, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषांचे वर्ग, ही शिकण्याची ठिकाणे झाली. परराष्ट्र सेवेत निवड झालेल्या अधिकाऱ्याला एक परकीय भाषा सक्तीने शिकावी लागते, आणि अरबी त्यांत आहे. राष्ट्रसंघात भाषांतरकार स्पर्धा परीक्षेतून घेतले जातात. तिथे परकीय भाषांइतकीच आपली मुख्य भाषा कसून तपासतात. इस्पितळे, न्यायालये, आखातातील कंपन्या यांनाही असा माणूस लागतो. शिक्षकी पेशातही वाव आहे. राष्ट्राराष्ट्रांतील समज वाढविण्याच्या शिक्षणाविषयी युनेस्कोने १९७४ मध्ये केलेली शिफारस २०२३ च्या नोव्हेंबरात नव्याने मंजूर झाली. तिच्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर आहे. आमच्यासारख्या शाळांतील शिक्षकांना असे प्रशिक्षण कधी आणि कोण देणार, हे संस्थाचालकांनी मनावर घ्यावे.

त्या पालकांना बोलावून मी हे सर्व सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मुलाची अरबी चालू ठेवायचे कबूल केले. मुलगा बोलका आहे, मराठीत वर्गात पहिला येतो. विज्ञानात मात्र फार कच्चा आहे. या सुट्टीत त्याला विज्ञानासाठी सकाळी माझ्याकडे पाठवायचे ठरले आहे.