विसावा कामगार

राज्य कामगार विम्याचा उगम बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाच्या काळातला, हे आपल्या विद्यार्थ्यांना कुणी सांगत नाही. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे योजना सोपवली गेली, १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ मध्ये कायदा झाला.

प्रारंभ कानपूर व दिल्लीत व्हायचा होता. तेथील मालक ओरडले : वर्गणी आम्हीच भरायची, इतर शहरांतल्या कारखान्यांनी नाही, मग बाजारात टिकायचे कसे? सरकारने ऐकले. १९५१ च्या दुरुस्तीने, योजना पोहोचली नव्हती तेथील कारखान्यांवरही कमी दराने वर्गणी बसवली आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला योजना सुरू झाली. मालकांचे गाऱ्हाणे असे लगेच फिटते!

कायदा करणाऱ्यांना मालक ओळखीचा होता. मालकाचा वाटा मजुरीतून कापता येणार नाही, असे कलम ४० म्हणत होते; विम्याच्या निमित्ताने मजुरी घटवता येणार नाही, असे कलम ७२ म्हणत होते. पण पुढच्या वर्षी द्यायची वाढ दिलीच नाही तर? ती कोणत्याही कलमात सापडत नाही. आणि ज्याला कामावरच घेतले नाही, त्याची मजुरी कोण घटवणार?

खरी मेख आकड्यात होती. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यात वीस माणसे असली की कायदा लागू. म्हणजे विसावा माणूस मस्टरवर चढला की त्याच्या एकट्याची नव्हे, विसांचीही वर्गणी सुरू! छोट्या कारखानदाराला हे गणित शिकवावे लागत नाही. मस्टर एकोणिसावर थांबते. एका छपराखाली भावाच्या, बायकोच्या नावाने दुसरा कारखाना उभा राहतो. उरलेले रोजावर. हे उरलेले कोण? झाडणारे, ओझी वाहणारे, घाण उपसणारे, बहुतेक आपलेच.

१९८९ मध्ये वीसचे दहा झाले. संख्या नंतर घटली तरी कायदा सुटणार नाही, असेही त्याच दुरुस्तीने ठरवले. हा खेळ दिल्लीलाही कळला होता, असे मी समजतो. २०१९ मध्ये मालकाची वर्गणी ४.७५ वरून ३.२५ टक्क्यांवर आणली, कामगाराची १.७५ वरून ०.७५ वर. विसाव्याच्या जागी आता दहावा अडला, एवढेच.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही दहाचा आकडा ठेवला. मात्र केंद्र सरकारने जिवाला धोक्याचे म्हणून जाहीर केलेल्या कामात एकच माणूस असला तरी विमा लागू होईल, अशी तरतूद तिच्यात आहे. त्या यादीत गटारात उतरणारा बसतो की नाही, हे आपल्या संघटनांनी डोळ्यांत तेल घालून पाहिले पाहिजे.