मिठाच्या वाटेवरची नावे

जपानी भाषेत ‘शिओ’ म्हणजे मीठ, ‘मिची’ म्हणजे वाट आणि मधला ‘नो’ म्हणजे आपला चा-ची-चे. शिओ नो मिची, मिठाची वाट. शब्दांचा क्रमसुद्धा मराठीचाच. पश्चिम किनाऱ्यावरच्या इतोइगावाहून डोंगरांतल्या मात्सुमोतोपर्यंत जाणारी ही सुमारे 120 किलोमीटरची वाट. तिचे रीतसर नाव चिकुनी काइदो. मात्सुमोतोच्या शिनानो प्रांताला समुद्र नव्हता, म्हणून मीठ आणि मासळी याच वाटेने वर चढायची. एरवी बैलांच्या पाठीवरून, आणि बर्फात बैल अडले की माणसांच्या. या भारवाहू माणसांना ‘बोक्का’ म्हणत. बो म्हणजे चालणे, का म्हणजे ओझे. मात्सुमोतोच्या दक्षिणेला शिओजिरी नावाचे गाव आहे. नावाचा अर्थ ‘मिठाचे शेपूट’, कारण मिठाच्या गोण्या इथे येईपर्यंत संपायच्या, असे सांगतात. व्युत्पत्ती गोड आहे, पण मला ती लोकांनी मागाहून जुळवलेली वाटते.

मला खरी ओढ आहे ती वाटेकडेच्या दगडी मूर्तींच्या नावांची. त्यांतले अगदी तिथल्याच मातीतले नाव दोसोजिन. दो म्हणजे रस्ता, सो म्हणजे पूर्वज, जिन म्हणजे देव. याच देवाचे आणखी एक नाव ‘साए नो कामी’, म्हणजे अडवणारा देव. रोगराई आणि बाहेरची पीडा त्याने वेशीवरच थोपवायची. आझुमिनो भागात तो एकटा नसतो. हात हातात घेतलेले देव-देवी एकाच दगडात कोरलेले दिसतात.

त्याच्या शेजारी उभा असतो जिझो, लाल लाळेरे बांधलेला, मुलांचा आणि वाटसरूंचा राखणदार. जि म्हणजे पृथ्वी, झो म्हणजे कोठार. मूळ संस्कृत नाव क्षितिगर्भ. चिनी भाषांतरकारांनी क्षितीला पृथ्वी केले आणि गर्भाला कोठार. आपल्या ‘गाभारा’ या शब्दात हाच गर्भ आहे, गर्भागार. फरक इतकाच की जिझोला बहुतेक वेळा गाभारा नसतो, तो उघड्यावरच उभा.

बातो कान्नोनच्या मस्तकावर घोड्याचे तोंड असते. बा म्हणजे घोडा, तो म्हणजे डोके. संस्कृतात हा हयग्रीव. ग्रीवा म्हणजे मान, ती पूर्वेकडे जाताना डोके झाली. मुळात हा उग्र देव, पण खेड्यातल्या लोकांनी त्याला ओझ्याच्या घोड्यांचा कैवारी केले. घोडा वाटेत कोसळला की तिथे हा दगड उभारत. अनेक दगडांवर मूर्ती नसते, नुसती अक्षरे असतात. बैलांसाठी या वाटेवर दाइनिची बसवला. दाइ म्हणजे महान, निची म्हणजे सूर्य, अर्थात महावैरोचन. आपल्या पुराणांत विरोचनाचा पुत्र म्हणून बळीराजाला वैरोचन म्हणतात. देव वेगळे, शब्द एक. तरी बैलांच्या राखणदाराला हे नाव मिळावे, या योगायोगाचे मला फार अप्रूप वाटते.

सर्वांत गुंतागुंतीचे नाव मात्र कान्नोन. याच वाटेवरच्या ओतारी गावाच्या हद्दीत माएयामा इथे शंभर कान्नोन कोरून बसवले. सायगोकूचे 33, बांदोचे 33 आणि चिचिबूचे 34, अशा तीन यात्रा एकाच ठिकाणी. बऱ्याच मूर्ती अजून तिथे आहेत. कान म्हणजे पाहणे, ओन म्हणजे आवाज. आवाज पाहणारा? आपण शिकतो ते या बोधिसत्त्वाचे नाव अवलोकितेश्वर, आणि त्यात आवाज कुठेच नाही. सातव्या शतकात चिनी यात्रेकरू शुआनझांगने हाच आक्षेप घेतला. ‘आवाज’ असलेले जुने चिनी भाषांतर चुकीचे ठरवून त्याने ‘ईश्वर’ धरणारे नवे नाव दिले. पण 406 साली सद्धर्मपुंडरीक या बौद्ध ग्रंथाच्या चिनी भाषांतरात ते जुने नाव वापरणारा कुमारजीव चुकला नव्हता. मध्य आशियात सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांत ‘अवलोकितस्वर’ असा पाठ मिळाला. स्वराचा पुढे ईश्वर झाला. शुआनझांगचे संस्कृत पक्के होते, फक्त त्याच्या हाती आलेला पाठ नंतरचा होता. जपानी वाटसरूंच्या तोंडी राहिलेले नाव त्याहून जुने निघाले, आणि ते अर्थालाही धरून आहे. सद्धर्मपुंडरीकातच सांगितले आहे की चोरांच्या मुलखातून माल नेणाऱ्या व्यापाऱ्यांनी एका स्वराने या बोधिसत्त्वाचे नाव घेतले, तर तो ऐकतो. ऐकणाऱ्याच्या नावात स्वर हवाच.

म्हणून व्यापारी वाटेवर त्याच्या इतक्या मूर्ती असणे मला अगदी स्वाभाविक वाटते. आपल्याकडेही तो वाटसरूंचाच होता. कान्हेरीच्या 90 क्रमांकाच्या आणि औरंगाबाद लेण्यांतल्या 7 क्रमांकाच्या लेण्यात तो मधोमध उभा आहे आणि दोन्ही बाजूंना आग, चोर, हत्ती, सिंह, बुडते गलबत अशी संकटे कोरली आहेत. प्रत्येक चौकटीत कुणीतरी हात जोडून त्याला हाक मारते आहे. कान्हेरी तर बोरिवलीहून हाकेच्या अंतरावर आहे. पुढच्या खेपेस गेलात तर 90 क्रमांकापर्यंत जरूर चढून जा, आणि त्या चौकटी एकेक करून पाहा.