ब्रेन हॅमरेजमधून वाचण्याची शक्यता ४० वर्षांत किती वाढली?

घरात कुणाला ब्रेन हॅमरेज झालं की नातेवाईक डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारतात, "वाचतील ना?" १९८० साली या प्रश्नाचं जे उत्तर होतं, ते आज बदललंय का? ते हॅमरेज नेमकं कुठे झालंय यावर ठरतं.

मेंदूच्या आतली बारीक रक्तवाहिनी फुटली, तर रक्त थेट मेंदूत साचतं. याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे हाय बीपी. दुसऱ्या प्रकारात मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्तवाहिनीवर आलेला फुगा फुटतो आणि रक्त मेंदूभोवती पसरतं. त्याला सबअरॅक्नॉइड हॅमरेज म्हणतात.

जुन्या आकड्यांची गडबड

सीटी स्कॅनने पहिला रुग्ण तपासला गेला तो १९७१ साली, लंडनमध्ये. त्याआधी पक्षाघात रक्तस्रावामुळे झाला की गुठळीमुळे, हे लक्षणांवरून ठरायचं. जपानमध्ये मृत्यूच्या दाखल्यांवर ब्रेन हॅमरेजचं प्रमाण इतकं जास्त दिसायचं की बाहेरच्या तज्ज्ञांना ते पटेना. मग फुकुओकाजवळच्या हिसायामा गावात १९६१ पासून लोकांचा अभ्यास सुरू झाला. मृत्यूनंतर बहुतेकांचं शवविच्छेदन झालं आणि कळलं की दाखल्यांवर हॅमरेज गरजेपेक्षा जास्त लिहिलं जात होतं. म्हणून सीटीच्या आधीचे आकडे जपूनच वाचावे लागतात.

मग सीटीनंतर काय दिसलं?

२०१० साली 'लॅन्सेट न्यूरोलॉजी'मध्ये १९८० ते २००८ या काळातल्या ३६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मेंदूच्या आतल्या रक्तस्रावाचं प्रमाण दरवर्षी लाखामागे साधारण २५ होतं. आशियाई लोकांमध्ये ते दुप्पट, म्हणजे ५२ च्या आसपास. महिन्याभरात दगावणारे होते १०० पैकी सुमारे ४०. आणि या २८ वर्षांत यातलं काहीच कमी झालं नव्हतं.

बीपीच्या गोळ्या तर चांगल्या झाल्या, मग असं का? याचं उत्तर इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरच्या आकड्यांत सापडतं. तिथे १९८१-८६ आणि २००२-०६ या दोन काळांची तुलना झाली. ७५ वर्षांखालच्या लोकांमध्ये प्रमाण घटलं होतं, त्याहून मोठ्यांमध्ये मात्र नाही. बीपीमुळे होणारे रक्तस्राव कमी झाले, पण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांमधले वाढले. एका बाजूने कमावलं ते दुसऱ्या बाजूने गेलं. (म्हणून कुणी या गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. गुठळीचा धोका मोठा असतो म्हणूनच त्या दिलेल्या असतात.)

शिवाय उतारवयात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि त्या ठिसूळ होतात. लोक जास्त जगू लागले तसे असे रुग्णही वाढले.

फुगा फुटण्याची गोष्ट वेगळी

सबअरॅक्नॉइड हॅमरेजचं जागतिक प्रमाण १९८० मध्ये लाखामागे १०.२ होतं, ते २०१० मध्ये ६.१ वर आलं. त्याच काळात लोकांचं बीपी आणि धूम्रपानही कमी होत गेलं. मृत्यूही घटले. निमोडिपिन हे औषध आलं, आणि कवटी न उघडता मांडीतल्या धमनीतून तार नेऊन फुगा आतून बंद करण्याचं तंत्र, म्हणजेच कॉइलिंग आलं. २००२ च्या एका मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी असलेले रुग्ण कॉइलिंगमध्ये २३.७ टक्के होते, तर कवटी उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये ३०.६ टक्के.

मुंबईत काय चित्र होतं?

मुंबईत २००५-०६ मध्ये लोकवस्तीत जाऊन स्ट्रोकची नोंदणी झाली. त्यात साधारण १८ टक्के स्ट्रोक रक्तस्रावाचे निघाले. सगळे स्ट्रोक मिळून २८ दिवसांत दगावणारे जवळपास ३० टक्के होते.

आता काही बदलतंय?

थोडं. २०२३ मध्ये भारतासह १० देशांतल्या ७,००० हून अधिक रुग्णांवरची 'इंटरॅक्ट ३' ही चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात नवं औषध नव्हतं. वरचं बीपी तासाभरात १४० खाली आणायचं, साखर आणि ताप आटोक्यात ठेवायचा, रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम लगेच उलटवायचा, बस्स. सहा महिन्यांनंतर अशा रुग्णांची स्थिती बरी होती आणि मृत्यूही कमी होते.

२०२४ मध्ये अमेरिकेतल्या 'एनरिच' चाचणीत २४ तासांच्या आत छोट्या छिद्रातून साचलेलं रक्त काढल्याचा फायदा दिसला, पण फक्त मेंदूच्या वरच्या भागातल्या रक्तस्रावात. खोल भागातल्या रुग्णांना घेणं मध्येच थांबवावं लागलं. बीपीमुळे होणारं हॅमरेज बहुतेक वेळा याच खोल भागात असतं.