दोन दिवसांत गुडघेदुखी गायब? ‘हर्बल’ गोळीत स्टेरॉइड तर नाही ना!

‘गुडघेदुखी दोन दिवसांत गायब, तेही शंभर टक्के नैसर्गिक!’ अशी जाहिरात स्क्रोल करताना तुम्हीही पाहिली असेल. अमेरिकेत सांधेदुखीवर विकली जाणारी ‘आर्ट्री किंग’ ही अशीच एक गोळी. नावात ऑर्टिगा ही वनस्पती आणि ओमेगा-3.

पण एप्रिल 2022 मध्ये तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, लोकांना सावध केलं. तपासणीत या गोळ्यांमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सापडलं. लेबलवर दोन्हींचा उल्लेख नव्हता. यकृताला इजा आणि मृत्यूच्या तक्रारीही एफडीएकडे आल्या होत्या.

शरीरात नेमकं काय होतं?

मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल हे हार्मोन तयार करतात. डेक्सामेथासोन त्याच्यासारखंच, पण कितीतरी पट जास्त ताकदीने काम करतं. म्हणून सूज उतरते, दुखणं थांबतं. मात्र गोळी आठवडेच्या आठवडे सुरू राहिली की मेंदूला वाटतं, कॉर्टिसोल भरपूर आहे. तो ग्रंथींना संदेश देणं कमी करतो आणि ग्रंथी सुस्तावतात.

लक्षणं कोणती?

चेहरा गोल होतो, पोट सुटतं पण हातपाय बारीक होतात. त्वचा पातळ होते, जरा लागलं तरी काळंनिळं पडतं. रक्तदाब आणि साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात. अशा रुग्णाच्या रक्तात कॉर्टिसोल मात्र कमी आढळतं. स्टेरॉइड बाहेरून येतंय, हे डॉक्टरांना त्यावरूनच कळू शकतं.

मग गोळी लगेच बंद करायची का?

बरेच दिवस घेत असाल, तर स्वतःच्या मनाने नाही. बाहेरचं स्टेरॉइड अचानक थांबतं आणि सुस्तावलेल्या ग्रंथी लगेच कामाला लागत नाहीत. प्रचंड थकवा, उलट्या, चक्कर येते. रक्तदाब इतका घसरू शकतो की जीवावर बेतावं. त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि डबी सोबत न्या. गरज असेल तर ते ओळखीचं स्टेरॉइड मोजून देतात आणि हळूहळू कमी करतात. चक्कर, उलट्या सुरू झाल्या असतील तर थेट हॉस्पिटल गाठा.

लपवलेलं औषध लेबल वाचून कळत नाही. त्यामुळे घरात आई-बाबा किंवा आजी-आजोबा सांधेदुखीवर ‘हर्बल’ गोळी किंवा बिननावाची पुडी घेत असतील, तर एवढं विचारा: किती दिवसांपासून घेताय, आणि फरक किती लवकर पडला?