हातगाडीवरचा उजेड
कोयनेच्या पाण्यावर १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली. धरण सातारा जिल्ह्यात. पण साताऱ्यातल्या वा शेजारच्या सांगलीतल्या भेळेच्या गाडीपर्यंत ती वीज कशी पोचणार? मीटरला ठरलेली जागा लागते. गाडीवर राहिली गॅसबत्ती. (नाव गॅसबत्ती, जळायचे मात्र रॉकेल!) दाबाखालच्या रॉकेलची वाफ पेटे आणि मेंटलमधले थोरियम ऑक्साइड पांढरेशुभ्र तळपे.

शिसे-आम्लाची बॅटरी प्लाँतेने १८५९ सालीच केली होती. अडचण दिव्याची होती. १२ व्होल्ट, ४० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ४८० वॅट-तास. त्यांतले ३०० एक ६० वॅटचा बल्ब ५ तासांत फस्त करी. १९९३ साली नाकामुरांचा तेजस्वी निळा एलईडी आला, त्यावरून पांढरा. तेवढाच उजेड आता ४५ वॅट-तासांत मिळतो. शेगडी मात्र गॅसवरच. लिटरभर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायलाच सुमारे ८१ वॅट-तास लागतात.