आधी गोळी, मग लाठी

माझा मावसभाऊ एसआरपीच्या भरतीची तयारी करतोय. सूतगिरणीतली तिसरी पाळी सुटून मी सकाळी घरी येतो, तेव्हा तो पाच किलोमीटर पळून घामानं निथळत परतत असतो. वस्तीतली अजून चार पोरं त्याच्याबरोबर पळतात. सगळी जयभीमवाली. कुणाचा बाप हमाल, कुणाचा गवंडी. अंगावर वर्दी चढली की घर वर येणार, हे खरं आहे. म्हणून मी त्याला अडवत नाही.

एका सकाळी त्यानं विचारलं, "दादा, रमाबाई नगरात गोळ्या घातल्या ते एसआरपीचेच होते ना?"

मी हो म्हणालो.

"मग त्यांना ट्रेनिंग दिलं नव्हतं काय?"

तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आता देतो. मी कॉलेजात गेलो नाही. दहावीनंतर रिंग खात्यात लागलो. जे वाचलं ते पाळी संपल्यावर, डोळ्यात झोप घेऊन वाचलं.

आधी काय घडलं ते सांगतो, कारण आपल्यातल्या पुष्कळ पोरांना तारीख पाठ आहे आणि क्रम माहीत नाही. माझाही तेव्हा जन्म झाला नव्हता. ११ जुलै १९९७. घाटकोपरची माता रमाबाई आंबेडकर नगर वस्ती. सकाळी लोक उठले तर बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार. लोक खवळले आणि वस्तीसमोरच्या पूर्व द्रुतगती महामार्गावर उतरले. एसआरपीची गाडी आली. तुकडीचा प्रमुख उपनिरीक्षक मनोहर कदम. थोड्याच वेळात गोळीबार सुरू झाला. १० माणसं मेली, २६ जखमी झाली. मेलेल्यांत नुसते बघायला उभे राहिलेलेही होते. अश्रुधूर आणि लाठ्या घेऊन पोलीस वस्तीत घुसले ते त्यानंतर. म्हणजे आधी गोळी आणि मग लाठी.

पोलिसांनी सांगितलं, जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता. सरकारनं न्यायमूर्ती गुंडेवार यांचा चौकशी आयोग नेमला. आयोगानं टँकरची गोष्ट मानली नाही. गोळीबार समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष काढला आणि कदमला जबाबदार धरलं. २००९ साली, म्हणजे १२ वर्षांनी, सत्र न्यायालयानं त्याला सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप दिली. लवकरच हायकोर्टातून त्याला जामीनही मिळाला. गोळीबारानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्यांचं नाव मेलेल्यांच्या सरकारी यादीत नाही. आपल्या यादीत आहे.

आता भावाचा प्रश्न. शिकवलं नव्हतं काय?

शिकवलं होतं. दरवर्षी शिकवतात. आमच्या इथं १४ एप्रिल जवळ आली की पोलिसांची दंगा काबू योजनेची रंगीत तालीम होते. मी उभं राहून बघितली आहे. साध्या कपड्यातले पोलीस जमाव होतात, घोषणा देतात. साहेब भोंग्यावरून सांगतो, हा जमाव बेकायदेशीर आहे, निघून जा. मग पुन्हा सांगतो. मग अश्रुधूर. मग लाठी. मग शेवटी रायफलवाले पुढं येतात, तेही हुकूम झाल्यावर. एक जण खोटा खोटा पडतो. लगेच स्ट्रेचर येतं, त्याला उचलून गाडीत घालतात. सगळं पायरीपायरीनं. बघणारी पोरं टाळ्या वाजवतात.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला एवढंच दिसलं की ही तालीम बाजारपेठेत झाली नाही, आमच्या वस्तीच्या तोंडाला झाली. खोट्या जमावाला दोनदा इशारा मिळाला. रमाबाई नगरातल्या खऱ्या माणसांच्या वाट्याला आधी गोळी आली.

तेव्हा दोस्तांनो, पोलिसाला दोन शिक्षणं मिळतात. एक कवायतीच्या मैदानावर, नऊ महिन्यांचं. दुसरं इतिहासाचं. ते कुठल्या पुस्तकात छापलेलं नाही, पण खात्याच्या हाडात मुरलेलं आहे. कुणासमोर पायऱ्या पाळायच्या आणि कुणासमोर सोडून दिल्या तरी चालतं, हे त्यात शिकवतात.

हे दुसरं शिक्षण कुठून आलं? इंग्रजानं स्वतःच्या लंडनमध्ये बिनबंदुकीचा पोलीस ठेवला. आपल्यासाठी नमुना आणला आयर्लंडचा. आयर्लंड म्हणजे त्याची वसाहत, तिथला पोलीस हत्यारबंद, पलटणीसारखा बराकीत राहणारा. १८४३ साली नेपियरनं सिंधमध्ये तो साचा लावला. १८५७ च्या उठावानंतर १८६१ चा पोलीस कायदा झाला. मुंबई इलाख्याचे कायदे वेगळे होते, पण साचा तोच. लोकांची राखण करायला नाही, लोकांपासून राज्य राखायला. १९०२-०३ च्या पोलीस आयोगानं, तोही इंग्रजाचाच, लिहून ठेवलं की या खात्याचं शिक्षण आणि संघटना सदोष आहे आणि लोकांवर ते जुलूम करतं. मग ट्रेनिंगच्या शाळा निघाल्या. कवायत सुधारली. साचा बदलला नाही.

साहेब गेला की साचा जाईल असं वाटत होतं. १९३७ ला मुंबई इलाख्यात आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं. त्यानं कामगारांच्या संपाच्या हक्कावर टाच आणणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं. ७ नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले, गिरण्या बंद पडल्या आणि पोलिसांनी कामगारांवर गोळी चालवली. गृहमंत्री होते कन्हैयालाल मुन्शी. पुढं चौकशी समितीचा अहवाल आला, तेव्हा १९३९ साली बाबासाहेब त्या अहवालावर विधिमंडळात उभे राहून बोलले. गोळीबाराचा जाब सभागृहात मागायचा असतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. आपण पुतळ्यासमोर हात जोडतो, पण हे भाषण किती जणांनी वाचलंय?

मग स्वातंत्र्य आलं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं हुतात्मा झाली. तिथं आज हुतात्मा चौक आहे. राज्य मिळालं, चौक मिळाला. गोळीचा कायदा होता तसाच राहिला.

तो कायदा भावाला पाठ आहे, भरतीच्या पेपरात येतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९. दंडाधिकारी, ठाणेदार, आणि ठाणेदार नसेल तर उपनिरीक्षकापासून वरचा कुठलाही पोलीस अधिकारी जमावाला पांगायला सांगू शकतो. नाही पांगला तर बळ वापरू शकतो. किती बळ? या कलमात लिहिलेलं नाही. कमीत कमी बळ वापरा, कमीत कमी इजा करा, हे शब्द पुढच्या १३० व्या कलमात आहेत, आणि ते कलम लष्कराला बोलावण्याचं आहे. पोलिसांसाठी ही गोष्ट खात्याच्या नियमात राहिली. आणि १३२ वं कलम सांगतं की या कामाबद्दल पोलिसावर खटला भरायचा तर आधी सरकारची मंजुरी आणा. १८९८ च्या इंग्रजी कायद्यातही या कुलपाचा नंबर १३२ च होता. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली. १२९ चं १४८ झालं, १३२ चं १५१ झालं. नंबर बदलला, कुलूप तेच.

पण पोलीस म्हणजे कोण, हेही बघितलं पाहिजे. माझा आजा मुंबईत गिरणीत होता, वरळीच्या बीडीडी चाळीत राहायचा. तो सांगायचा, एकाच चाळीत गिरणीवाला, पोलीसवाला आणि आपला माणूस. नळ एक, जिना एक. १९८२ ला गिरण्यांचा संप चालू होता आणि १८ ऑगस्टला मुंबईच्या पोलीस शिपायांनीच बंड केलं. त्यांच्या संघटनेचे पुढारी पकडले होते. साहेबाच्या घरची धुणीभांडी आम्ही का करायची, हा त्यांचा राग होता. त्या दिवशी गिरणीवाले शिपायांच्या बाजूनं रस्त्यावर आले. सरकारनं लष्कर बोलावलं आणि संघटना मोडून काढली. आजा म्हणायचा, "त्या दिवशी शिपायाला कळलं की तो पण कामगार हाय. पुन्हा इसरला." विसरला नाही, आजोबा. त्याला विसरायला लावलं. ज्याला स्वतःच्या वरिष्ठासमोर तोंड उघडायची सोय नाही, त्याला रस्त्यावर चुकीच्या हुकुमाला नाही म्हणायला कोण शिकवणार?

गिरणीत नवा पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी मशीन चालवायला शिकवत नाहीत. आधी बंद कसं करायचं ते शिकवतात. लाल बटण कुठं आहे, दाखवतात. कारण चालू मशीनमध्ये बोट गेलं तर परत येत नाही. १९९० साली संयुक्त राष्ट्रांनी पोलिसांच्या हत्यारांबद्दल तत्त्वं मान्य केली. जीव वाचवायला दुसरा मार्गच उरला नाही तरच जीव घेणारी गोळी, असं त्यात आहे. गर्दी कशी वागते ते समजून घेणं, बोलणी, समजूत, मध्यस्थी हे ट्रेनिंगमध्ये शिकवा, असंही आहे. म्हणजे लाल बटण.

चळवळीतल्या पोरांना एक सांगणं आहे. गोळीबार झाला की आपण निषेधाचं पत्रक काढतो आणि दहा दिवसांनी थकतो. त्याच दिवशी विचारा: हुकूम कुणी दिला? इशारा दिला का, किती वेळा, कुणी ऐकला? लाठी आणि अश्रुधूर आधी की नंतर? गोळी कमरेखाली लागली की वर? साक्षीदारांचं लिहून घ्या, वेळ टाका, सही घ्या. आयोगासमोर शेवटी हेच उपयोगी पडतं. टँकरची गोष्ट रागानं नाही पडली, साक्षीपुराव्यानं पडली.

आणि भावा, तुला एक. तू भरती हो. तुझी पाच किलोमीटर वेळेत बसू दे. एक दिवस तुला कुठल्यातरी हायवेवर उभं करतील. समोर निळा झेंडा असेल, किंवा हिरवा, लाल, नाहीतर झेंडाच नसेल, नुसती पाणी मागणारी बायामाणसं असतील. तेव्हा झेंडा बघू नकोस. इशारा झाला का, ते बघ. नसेल झाला तर तुझं बोट कुठं आहे, ते बघ.

जय भीम.