नभोवाणी आणि तिचे श्रोते



नभोवाणीचा इतिहास सांगायचा म्हणजे यंत्रांची आणि सरकारी हुकमांची हकीकत सांगायची, अशी आपल्याकडे रीत आहे. मला आज दुसरी बाजू मांडावयाची आहे. ऐकणाऱ्यांनी या इतिहासात काय केले? माझे म्हणणे असे की, श्रोते जेव्हा जेव्हा एकत्र आले, तेव्हा तेव्हा नभोवाणीचे भाग्य पालटले.

२३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन केले. केंद्राची शक्ती दीड किलोवॅट. खात्रीने ऐकू येण्याचा पल्ला सुमारे ३० मैल. म्हणजे शिवऱ्यासारखी घाटावरची गावे त्या पल्ल्याबाहेरच राहिली. परवान्याची फी वर्षाला १० रुपये होती आणि साऱ्या देशात परवाने आठ हजारांच्या आत. कंपनीचे जमलेले भांडवल सहा लाख. त्यातले बहुतेक मुंबई आणि कलकत्ता ही दोन केंद्रे उभारण्यातच खर्ची पडले. १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली. सरकारने धंदा हाती घेतला, पण खर्च परवडेना म्हणून १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये तोही बंद करण्याचे ठरविले. तेव्हा परवानेधारक आणि रेडिओचे व्यापारी यांनी गिल्ला केला, आणि पुढच्याच महिन्यात सरकारला निर्णय फिरवावा लागला. आज आपण जिला आकाशवाणी म्हणतो, ती त्या गिल्ल्यामुळे वाचली.

दुसरा प्रसंग स्वातंत्र्यानंतरचा. १९५२ साली नभोवाणीमंत्री झालेल्या डॉ. बा. वि. केसकर यांना चित्रपटसंगीताचे वावडे होते. त्यांच्या कारकीर्दीत केंद्रांवरून ही गाणी जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी सभा घेतली नाही की निवेदन दिले नाही. त्यांनी मुकाट्याने काटा फिरविला आणि रेडिओ सिलोन लावले. आम्हा चळवळीतल्या माणसांच्या भाषेत हा श्रोत्यांचा संपच होता! ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून सरकारने तडजोड केली.

परंतु सर्वांत मोलाचा प्रसंग आपल्या पुण्याचा आहे. २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र सुरू झाले. १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर ‘गीतरामायणा’ने घरोघर कान टवकारले, हे आपण जाणताच. त्याच्याच पुढच्या वर्षी, १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, याच केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने एक प्रयोग केला. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसत, शेतीविषयीचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न लिहून केंद्राकडे धाडीत. केंद्र त्यांना उत्तरे देई.

टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची तपासणी केली. मंडळ असलेल्या गावांत लोकांच्या ज्ञानात मोठी भर पडलेली दिसली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे फारसा फरक आढळला नाही. पेटी तीच, कार्यक्रम तेच. अंतर पडले ते एकत्र बसून बोलण्याने. १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली, पण पुढे मंडळे विस्कळीत झाली. ट्रान्झिस्टर आला आणि जो तो आपापल्या उशाशी ऐकू लागला. सोय झाली, पण बैठक मोडली.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. पण मालकी कागदावर असून भागत नाही, ती गाजवावी लागते. २०२३ च्या जूनमध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून त्याचे काम छत्रपती संभाजीनगरला नेण्याचा निर्णय झाला. पुण्यात ओरड झाली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. ९२ वर्षांनी १९३१ चाच धडा आपण पुन्हा गिरविला.

मात्र दरवेळी कुलूप लागण्याची वेळ आल्यावरच जागे व्हावे, हे काही शहाणपण नव्हे. आठवड्यातून एकदा दहा माणसांनी शाळेत किंवा देवळात बसून एखादा कार्यक्रम ऐकावा, त्यावर वाद घालावा आणि पुणे केंद्राला पत्र लिहावे. त्याला भांडवल लागत नाही. नुसता ऐकणारा हा गिऱ्हाईक असतो. ऐकून उत्तर देणारा तो मालक.